दोन ठोक्यांच्या मध्ये दडलेला जिना

डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं ठेवा. नाडी सापडली की एक सावकाश, खोल श्वास घ्या. छाती भरत जाते तसे ठोके किंचित लगबगीने येऊ लागतात. आता श्वास तितक्याच सावकाश सोडा. ठोके रेंगाळतात! तरुणपणी हा फरक बोटांनाही कळतो. वय वाढतं तसा तो कमी होत जातो, पण ईसीजीच्या यंत्राला तरी दिसतोच.

मिनिटाला 70 ठोके पडत असतील, तर हिशेबाने दर दोन ठोक्यांमध्ये 857 मिलिसेकंदांचं अंतर हवं. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. प्रत्यक्षात मोजायला बसलं तर एकदा 812, मग 874, मग 931, मग 846 असं काहीतरी हाती येतं. दिवसाला लाखभर ठोके, आणि लागोपाठची दोन अंतरं सहसा सारखी नाहीत. खरी गंमत पुढेच आहे. हा असमानपणा जितका भरघोस, तितकं हृदय सहसा ठणठणीत. निवांत पहुडलेल्या माणसाचे ठोके अगदी मोजून-मापून समान अंतराने पडायला लागले, तर हृदयरोगतज्ज्ञाच्या कपाळावर आठी उमटते.

या असमानपणाला हार्ट रेट व्हेरिएबिलिटी म्हणतात, थोडक्यात एचआरव्ही. एखादा हृदयरुग्ण किती चालू शकेल, किती चढू शकेल, याचा अंदाज या मिलिसेकंदांच्या चढउतारात दडलेला असतो. माणूस पलंगावर आडवा आणि आपण वाचतोय त्याचा जिना!

ठाण्यातल्या कपूरबावडीहून कोलशेत रोडने खाडीच्या दिशेला निघालं की हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. जिथे एकेकाळी क्लॅरियंटसारखे रसायनांचे कारखाने होते, तिथे आता तीस-तीस मजल्यांचे टॉवर उभे आहेत. अँजिओप्लास्टी होऊन घरी परतलेला माणूस अठराव्या मजल्यावर राहतो आणि एका दुपारी लिफ्ट बंद पडते. मला किती मजले झेपतील? मध्ये किती वेळा थांबू? 2024 साली कोलशेतला सुरू झालेल्या साडेवीस एकरांच्या सेंट्रल पार्कमध्ये सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांतही असे कितीतरी जण असणार, ज्यांना मनातून हेच विचारायचं असतं. ओपीडीत डॉक्टरांना विचारला जाणारा अगदी जिव्हाळ्याचा प्रश्न हा आहे: झेपेल ना?

‘झेपणं’ मोजायचं एक माप आहे, मेट. स्वस्थ बसलेलं शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला साधारण 3.5 मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं. तो झाला एक मेट. सपाटीवर रमतगमत चालायला साधारण तीन मेट लागतात आणि जिना चढायला चार किंवा त्याहून जास्त. अचूक मोजायचं तर नाका-तोंडावर मास्क लावून ट्रेडमिलवर दमेपर्यंत चालवतात आणि शरीराने जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरला ते पाहतात. 1991 साली अमेरिकेत डोना मॅन्चिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णांची अशी मोजणी केली. ज्यांचा आकडा 14 मिलिलिटरच्या वर होता, त्यांचं हृदयप्रत्यारोपण निर्धास्तपणे लांबवता येतं, असं त्यांना दिसलं. आता 14 ला 3.5 ने भागून पाहा. चार मेट! हृदय बदलायची घाई आहे की नाही हे ठरवणारी रेषा जवळजवळ जिन्याच्या पायथ्याशी येऊन थांबते.

पण ही चाचणी महाग, दमवणारी, आणि सगळीकडे होत नाही. सहा मिनिटांत किती मीटर चालता येतं हे मोजणारी चाचणी सोपी आहे, पण गुडघा दुखत असेल तर तीही फसते. मग नुसत्या ठोक्यांवरून काही कळेल का? त्यासाठी आधी हे पाहायला हवं, की ठोक्यांची अंतरं बदलतं कोण?

हृदयाच्या उजव्या कर्णिकेच्या भिंतीत, वरच्या बाजूला, पेशींचा एक छोटासा पुंजका असतो. ठोका तिथे जन्मतो. मार्टिन फ्लॅक नावाच्या इंग्लंडमधल्या वैद्यकीय विद्यार्थ्याला तो आधी दिसला चिचुंद्रीएवढ्या एका जमिनीखालच्या प्राण्याच्या, मोलच्या, हृदयात. 1907 साली त्याने आर्थर कीथ यांच्यासह तो शोध प्रसिद्ध केला. या पुंजक्याला कुणाचाही हुकूम लागत नाही. हृदयाकडे येणाऱ्या सगळ्या मज्जातंतूंचा प्रभाव औषधांनी तात्पुरता बंद केला, तर तिशीतल्या माणसाचं हृदय स्वतःच्या मर्जीने मिनिटाला सुमारे 100 वेळा धडधडतं आणि साठीतल्याचं 84-85 वेळा.

थांबा. मग बसल्या जागी आपली नाडी 70 कशी? म्हणजे कुणीतरी हृदयाला अष्टौप्रहर आवरून धरतं आहे!

टांगा डोळ्यांपुढे आणा. घोडा मुळातच चपळ. टांगेवाल्याच्या एका हातात लगाम, दुसऱ्या हातात चाबूक. लगाम म्हणजे व्हेगस ही मज्जातंतूंची जोडी, मेंदूच्या देठातून निघून मानेतून थेट हृदयापर्यंत उतरलेली. चाबूक म्हणजे सिंपथेटिक मज्जातंतू आणि त्यांच्या जोडीला रक्तात उतरणारं अ‍ॅड्रेनॅलिन. विश्रांतीच्या वेळी चाबूक जवळपास बाजूलाच ठेवलेला असतो. सगळा कारभार लगामावर.

हा लगाम रसायनाने ओढला जातो, हे सिद्ध झालं ते एका स्वप्नामुळे. ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहरात ऑटो लोवी यांना रात्री एक प्रयोग सुचला. अर्धवट झोपेत त्यांनी तो कागदावर खरडला आणि सकाळी स्वतःचं अक्षर स्वतःलाच लागेना! दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडलं. या वेळी ते तडक प्रयोगशाळेत गेले. त्यांनी बेडकाची दोन हृदयं घेतली. एकाच्या व्हेगसला विजेने डिवचलं, त्याचे ठोके मंदावले. मग त्या हृदयातला द्रव दुसऱ्या हृदयात सोडला, आणि कुणीही न डिवचता तेही मंदावलं. 1921 साली हे प्रसिद्ध झालं, 1936 साली नोबेल मिळालं. ते रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन.

आता वेगातला फरक पाहा, कारण सगळी किल्ली तिथे आहे. अ‍ॅसिटिलकोलिन सुटतं, काम करतं आणि क्षणात तिथल्या तिथे मोडून टाकलं जातं. लगाम ओढला की पुढचाच ठोका लांबतो; सैल सोडला की त्याच्या पुढचा लवकर येतो. चाबकाचा परिणाम मात्र सावकाश चढतो, पूर्ण यायला वीस-तीस सेकंदही लागतात, आणि तो रेंगाळतोही. म्हणून एका ठोक्याकडून दुसऱ्याकडे जाताना दिसणारी बारीक चढउतार ही चाबकाची असूच शकत नाही. ती टांगेवाल्याच्या बोटांची लगामावरची हालचाल आहे. श्वास आत घेताना मेंदूचा देठ लगाम जरा सैल सोडतो, बाहेर सोडताना जरा ओढतो. सुरुवातीला नाडीवर तुम्हाला जाणवलं ते हेच. मेंदू तुमच्या मनगटात बोलत होता!

मग याचा जिन्याशी काय संबंध? तुम्ही पहिली पायरी चढता तेव्हा स्नायूंना तातडीने रक्त हवं असतं. चाबूक उगारून त्याचा परिणाम दिसेपर्यंत थांबायला वेळ नसतो. म्हणून शरीर आधी लगाम सैल सोडतं. नाडी 70 वरून 100 च्या आसपास जाते ती मुख्यतः एवढ्यावरच. चाबकाचं काम त्यानंतर. ज्याचा लगाम विश्रांतीत चांगला ताणलेला आणि जिवंत आहे, त्याच्यापाशी सैल सोडायला भरपूर जागा आहे. हृदय थकलेलं असेल तर शरीर आधीच घाबरून चाबूक हाती घेऊन बसलेलं असतं, लगाम आधीच सुटलेला असतो. अशा माणसाने पहिली पायरी चढायच्या आतच शिल्लक खर्चून टाकलेली असते. एचआरव्ही मोजणं म्हणजे ही शिल्लक मोजणं.

श्वासाबरोबर नाडी हलते हे फार जुनं निरीक्षण आहे. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने 1733 साली घोड्याचा रक्तदाब मोजताना ते नोंदलं. 1847 साली कार्ल लुडविग यांनी स्वतः बनवलेल्या यंत्राने त्याचा आलेखच काढला. पण त्याचा जीवनमरणाशी संबंध असेल हे कुणाच्या ध्यानात आलं? प्रसूतितज्ज्ञांच्या! 1960 च्या दशकात एडवर्ड हॉन आणि ली यांना दिसलं, की पोटातलं बाळ गुदमरू लागतं तेव्हा नाडीचा आकडा बदलण्याआधी ठोक्यांच्या अंतरातली चढउतार बदलते. आजही प्रसूतिकक्षात आईच्या पोटावर पट्टा बांधून कागदावर जी रेघ उमटवतात, तिच्यात डॉक्टर हीच नागमोड शोधत असतात. रेघ फार वेळ सपाट राहिली की धावपळ सुरू होते.

हृदयविकाराकडे ही नजर वळली ती 1978 साली, मेलबर्नमध्ये. हार्ट अटॅकनंतर ज्यांच्या ठोक्यांत चढउतार कमी, त्यांच्यात मृत्यू जास्त, असं तिथल्या डॉक्टरांनी दाखवलं. मग 1987 साली रॉबर्ट क्लायगर यांनी अटॅकमधून वाचलेल्या 808 रुग्णांच्या चोवीस तासांच्या नोंदी तपासल्या. दिवसभरातल्या सगळ्या अंतरांचा सरासरीभोवतीचा फैलाव काढला, ज्याला आज एसडीएनएन म्हणतात. निरोगी माणसात तो 140 मिलिसेकंदांच्या आसपास असतो. या रुग्णांत ज्यांचा 50 च्या खाली होता, त्यांना मृत्यूचा धोका 100 च्या वर असलेल्यांच्या 5.3 पट निघाला. पन्नास मिलिसेकंद! डोळ्याची पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. 1998 साली ब्रिटनमध्ये हृदय कमकुवत झालेल्या रुग्णांवरच्या अभ्यासातही 50 च्या खालचा गटच सगळ्यांत धोक्यात दिसला.

कोलशेतच्या खाडीवरून ठाणे खाडीच्या कडेकडेने दक्षिणेला गेलं तर तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्र लागतं. अणुभट्ट्यांच्या त्या परिसरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या अभियंत्यांनीही या चढउताराचा पाठपुरावा केला. शरीरातून जाणवणारही नाही इतका सूक्ष्म विद्युतप्रवाह सोडायचा आणि रक्ताची लाट आली-गेली की विरोध किती बदलतो ते टिपायचं, या तंत्रावर त्यांनी मेडिकल अ‍ॅनालायझर नावाचं यंत्र बनवलं. नुसती ठोक्यांची अंतरं नाहीत, तर हृदय दर ठोक्याला किती रक्त ढकलतं आणि हातापायांत किती पोहोचतं, यांचीही चढउतार त्यात एकत्र मोजता येते. मला या कल्पनेचं फार अप्रूप वाटतं, कारण व्यायामाची ताकद शेवटी या तिन्हींच्या मेळावर ठरते.

लगाम कापूनच टाकला तर? हा प्रयोग माणसावर कुणी मुद्दाम करणार नाही, पण शस्त्रक्रियेने तो घडतो. फेब्रुवारी 1968 मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. जगातलं पहिलं होऊन तीन महिनेही झाले नव्हते. तो रुग्ण काही तासच जगला. पुढे जगभर असे रुग्ण वर्षानुवर्षं जगू लागले आणि त्यांच्या छातीत एक विलक्षण दृश्य दिसलं. दुसऱ्याचं हृदय बसवताना मज्जातंतू जोडता येत नाहीत. त्या हृदयाचे ठोके विश्रांतीतही नव्वद-शंभर पडतात आणि चढउतार जवळजवळ शून्य. असा माणूस जिना चढायला लागला तरी नाडी काही वेळ ढिम्म हलत नाही. अ‍ॅड्रेनॅलिन रक्तातून वाहत हृदयापर्यंत पोहोचतं तेव्हा कुठे ती चढू लागते, आणि वर पोहोचून बसल्यावरही बराच वेळ उतरत नाही. म्हणून त्यांना व्यायामाआधी आणि नंतर दोन्हीकडे सावकाश हालचालींचा वेळ द्यावा लागतो.

अर्थात, इथे एक चकवाही आहे. 1964 साली डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांच्या हृदयाचे मज्जातंतू काढून टाकले आणि त्यांना परत पळवलं. ते थोडेसेच मागे पडले! पण पुढे रक्तातल्या अ‍ॅड्रेनॅलिनचाही परिणाम औषधाने रोखला, तेव्हा मात्र ते पार मंदावले. म्हणजे एचआरव्हीमधून ताकद निर्माण होत नाही, ती तर लगामावरच्या बोटांची खूण. धडधाकट प्राण्याकडे इतर वाटा असतात. आजारी हृदयाकडे त्या फारशा उरलेल्या नसतात, आणि म्हणूनच रुग्णात ही खूण इतकं सांगून जाते.

आता रुग्णाची रोजची अडचण. व्यायाम करताना नाडी किती वाढू द्यायची? 220 मधून वय वजा करा, हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. पण अटॅकनंतर बहुतेकांना मेटोप्रोलॉलसारखी बीटा-ब्लॉकर गोळी असते. ती चाबूकच काढून घेते. मग नाडी 110 च्या पुढे जायला तयार नाही आणि सूत्र सांगतं 160! अशा वेळी ठोक्यांची अंतरं उपयोगी पडतात. चालण्याचा वेग हळूहळू वाढवत नेला, तर चढउतार आक्रसत जाते. पूर्ण क्षमतेच्या साधारण निम्म्या ते साठ टक्क्यांवर ती जवळपास नाहीशी होते. लगाम पुरता सुटला! बोलत बोलत चालणाऱ्या माणसाला वाक्य तोडून श्वास घ्यावासा वाटतो, तो टप्पाही इथेच कुठेतरी येतो. ठोके टिपणाऱ्या, छातीवर बांधायच्या पट्ट्याने ही जागा सापडली, की रुग्णाने तिच्या अलीकडे राहून व्यायाम करायचा. मास्क नको, दमछाक नको.

याहून थक्क करणारी एक पद्धत आहे. 1994 साली बॉस्टनमध्ये सी. के. पेंग यांनी डीएनएमधल्या अक्षरांच्या लांबच लांब ओळीत काही क्रम दडला आहे का, हे शोधायला एक गणित रचलं. पुढच्याच वर्षी तेच गणित त्यांनी ठोक्यांच्या अंतरांना लावलं. निरोगी हृदयात विश्रांतीच्या वेळी उत्तर एकच्या जवळ येतं, म्हणजे आताच्या अंतरात मागच्या कित्येक अंतरांची आठवण शिल्लक असते. ठोके पूर्ण यादृच्छिक झाले तर उत्तर 0.5. अलीकडच्या वर्षांत व्यायामशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की वेग वाढवत नेला तर हा आकडा घसरतो आणि 0.75 च्या आसपास येतो तेव्हा सोपा व्यायाम संपून कष्टाचा सुरू झालेला असतो. डीएनएची लिपी वाचायला बनवलेलं गणित ठाण्यातल्या एखाद्या आजोबांना सांगू शकतं, की आता जरा हळू चाला!

यंत्र नसलं तरी लगामाची एक चाचणी कुणालाही समजते. व्यायाम थांबवल्यावर पहिल्या मिनिटात नाडी किती उतरते? तो पहिला उतार म्हणजे व्हेगसने लगाम पुन्हा हाती घेणं. 1999 साली क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये 2,428 जणांच्या स्ट्रेस टेस्ट तपासल्या गेल्या. ज्यांची नाडी पहिल्या मिनिटात 12 किंवा त्याहून कमी ठोक्यांनी उतरली, त्यांच्यात पुढच्या सहा वर्षांतले मृत्यू कितीतरी जास्त होते. किती वर चढली एवढंच पाहू नका, किती चटकन खाली आली तेही पाहा.

लगामाचं एक टोक आपल्या हातात देता येईल का? 1957 साली वेंगर आणि बागची हे दोन संशोधक अमेरिकेहून यंत्रं घेऊन भारतात आले आणि लोणावळ्याच्या कैवल्यधामातही त्यांनी योगसाधकांची तपासणी केली. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली योग प्रयोगशाळेत तपासण्यासाठीच ही संस्था उभी केली होती. हृदय थांबवण्याचा दावा करणाऱ्यांची मनगटावरची नाडी खरंच लुप्त व्हायची, पण ईसीजीवर ठोके चालूच असायचे; छातीतला दाब वाढवून रक्ताची वाट रोखली जात होती. हृदयाला थेट आज्ञा देता येत नाही, श्वासाला देता येते. 1998 साली इटलीत लुचियानो बेर्नार्डी यांनी कमकुवत हृदयाच्या काही रुग्णांना मिनिटाला सहा संथ श्वास घ्यायला शिकवलं. महिन्याभराच्या सरावाने रक्तातला ऑक्सिजन सुधारला, धाप कमी झाली आणि व्यायामही जास्त जमू लागला. मिनिटाला सहा श्वास का? कारण रक्तदाबाची आपली एक संथ लाट सुमारे दहा सेकंदांची असते. श्वास तिच्याशी जुळला की ठोक्यांची चढउतार एकदम मोठी होते.

हे सगळं वाचून मनगटावरच्या घड्याळातला एचआरव्हीचा आकडा उघडायचा मोह होईल. तो जरूर उघडा, पण शेजाऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहू नका. वय, झोप, ताप, चहा, गोळ्या, सगळ्यांनी तो हलतो. चालताना हात झुलतो तेव्हा घड्याळातला हिरवा प्रकाश फसतो. छातीचा पट्टा बरा. एट्रियल फिब्रिलेशन असेल तर ठोके खरोखरच सैरभैर पडतात आणि आकडा भलताच मोठा येतो, त्यात सुखावण्यासारखं काही नसतं. पेसमेकर असेल तर हिशेबच वेगळा. आणि स्ट्रेस टेस्टची जागा हा आकडा घेत नाही. किती चढायचं हे शेवटी तुमचे डॉक्टरच ठरवणार.

सुटलेला लगाम परत हाती येतो का? येतो! अमेरिकेत 1994 साली हल आणि सहकाऱ्यांनी पूर्वी अटॅक येऊन गेलेली अशी कुत्री निवडली, ज्यांच्या हृदयाचा रक्तपुरवठा व्यायामाच्या वेळी क्षणभर रोखला की जीवघेणं फिब्रिलेशन सुरू व्हायचं. काहींना सहा आठवडे ट्रेडमिलवर रोज पळवलं. त्यांच्या ठोक्यांतली चढउतार वाढली. मग तीच परीक्षा पुन्हा घेतली, तेव्हा त्यांची हृदयं तरून गेली. नुसती बसून राहिलेली बहुतेक पुन्हा फिब्रिलेशनमध्ये गेली. माणसांतही कार्डियाक रिहॅबच्या, म्हणजे हृदयरुग्णांसाठी आखलेल्या व्यायामाच्या, काही आठवड्यांनंतर विश्रांतीतली नाडी उतरते, अंतरं पुन्हा असमान होऊ लागतात, आणि त्याच सहा मिनिटांत पावलं आधीपेक्षा लांब पोहोचतात.